चाकातलं रिकामं घर

माझे वडील शेषेराव सोनकांबळे बोलायला भारी कंजूष. भाजीत मीठ कमी पडलं तरी मिठाच्या बरणीकडे नुसते बघत बसायचे. पण रिव्हॉल्व्हर चांगलं की पिस्तूल, हा विषय कुणी काढला की त्यांना आवरणं मुश्कील. अशा वेळी आई भांडी घासायला उठायची, घासून ठेवलेली असली तरी. आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. बाकी सगळ्यांचे ते फौजी.

गाव आमचं मुखेडकडचं. दादा महार रेजिमेंटमध्ये मशिनगनवर होते. मशिनगन सांभाळायची तर रायफल बाळगायला हात उरत नाही, म्हणून त्यांच्या कमरेला अडतीस बोअरचं रिव्हॉल्व्हर असायचं. पुढे पलटणीत पिस्तुलं आली. तेरा गोळ्या, चपटी, भरायला झटपट. बहुतेकांनी खुशीनं घेतली. दादा आणि दोन-चार जुने जवान मात्र आपलं रिव्हॉल्व्हर सोडायला तयार होईनात, आणि साहेबांनीही ते चालवून घेतलं.

कारण विचारलं की दादा सांगत, रिव्हॉल्व्हरचं चाक उघडलं की गोळी आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. एखादी गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढायचा. चाक फिरतं आणि दुसरी गोळी पुढे येते. पिस्तुलात गोळी अडकली तर दोन्ही हात लागतात, आणि लढाईत दोन्ही हात मोकळे कुणाचे असतात? हे सगळं खरंच होतं. पण खरं कारण उदगीरचा नरसिंग होता.

पासष्टच्या लढाईत नरसिंग दादांचा जोडीदार होता. एके दिवशी दिवस मावळताना तो पाण्याला गेला आणि येताना वाट चुकून शत्रूच्या बाजूनं सरपटत आला. उसातून पानं वाजली. दादांनी परवलीचा शब्द विचारला, उत्तर नाही. पुन्हा विचारला, उत्तर नाही. दादांनी चाप ओढला. नुसतं ‘टक्’ झालं. गोळी फुसकी होती. नरसिंगनं दोन्ही हातांत बाटल्या धरल्या होत्या आणि तिसरीचा पट्टा दातांत, म्हणून त्याला बोलता आलं नव्हतं. पट्टा सोडून तो म्हणाला, “फौजी, पानी आणलंय की रं.” दादा त्या रात्री पाणी प्याले नाहीत.

तेव्हापासून त्यांनी एक रीत धरली. सहा घरांचं चाक, पण गोळ्या पाचच. रिकामं घर गोळीवर आपटणाऱ्या घोड्याखाली ठेवायचं नाही, त्याच्या शेजारी ठेवायचं. कारण चाप ओढला की चाक एक घर पुढे सरकतं आणि मग घोडा पडतो. म्हणजे पहिला बार फुकट. ती एक ‘टक्’ माणसाला पुन्हा बघायला सांगते, असं त्यांचं म्हणणं. आई, कोंडाबाई, हसायची. “सहाचं कौतुक सांगतात अन् भरतात पाच. असला कसला शिपाई?”

दादा पेन्शनवर आले आणि त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, हाताला काम. गुरुपादप्पांच्या तेलगिरणीत त्यांना रखवालदारी मिळाली. अप्पांकडे परवान्याचं जुनं बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हर होतं. नव्या कलेक्टर कचेरीत चार खेपा घालून अप्पांनी त्या परवान्यावर बाळगणारा म्हणून दादांचं नाव चढवलं. दादांना पगारापेक्षा त्या नावाचा अभिमान जास्त. आम्ही गिरणीच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीत राहायला आलो.

जिल्हा चार वर्षांचा झाला आणि सलग दुसऱ्या साली पावसानं दगा दिला. वस्तीचे आड कोरडे पडले. गिरणीच्या आवारातल्या विहिरीला तेवढं पाणी होतं. अप्पांनी रोज चार वाजता पाइप फाटकाबाहेर सोडायचा रिवाज पाडला होता, आणि त्या पाइपावर वस्तीची दोनशे घरं जगत होती. मे महिन्यात अप्पा मुलीकडे सोलापूरला गेले. मागे थोरला मुलगा शिवराज राहिला. विहीर तळाला चालली होती, बॉयलरला पाणी लागत होतं आणि बॉयलर थांबला तर साठ माणसं घरी बसणार होती. त्यानं पाइप बंद केला. तो काही राक्षस नव्हता. पण पाण्यावाचून तीन दिवस काढलेल्या बाईला बॉयलर सांगून काय उपयोग?

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दादांचा डबा घेऊन गेले. शिवराज पहाऱ्याच्या खोलीत उभा होता. हातात त्याचं नवं, परदेशी बनावटीचं पिस्तूल.

“फौजी, आजपासून हे बाळगायचं. ते खटारं इकडं द्या. आज लोकं फाटकावर येणार हायेत.”

“मालक, परवान्यावर माझं नाव ह्याच्यावर हाय. त्याच्यावर न्हाई.”

“नावाचं मी बघतो. आठ गोळ्या हायेत, एक नळीत चढवून ठेवलीय. नुसतं बोट लावायचं.”

“म्हणून तर नको म्हणून राहिलो.”

“नोकरी करायची का न्हाई?”

दादा माझ्याकडे बघत होते. मी कॉलेजात होते, धाकटा भाऊ सातवीत. त्यांनी रिव्हॉल्व्हर काढलं. हत्यार दुसऱ्याच्या हातात देताना भरलं किती, रिकामं किती, ते मोठ्यानं सांगायचं, हा पलटणीचा कायदा दादा स्वयंपाकघरातल्या विळीलाही लावत. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं, आणि काही न सांगता मिटलं. शिवराजनं रिव्हॉल्व्हर कमरेला खोचलं, पिस्तूल दादांच्या हातात आलं. मला वाटलं, अपमानानं बोलवेना त्यांना.

शिवराज बाहेर गेल्यावर दादा पाठमोरे उभे राहून बराच वेळ काहीतरी करत होते. मग जेवले आणि डबा माझ्या हातात दिला. तो जड लागत होता. मी विचारलं तर म्हणाले, “भाकर उरली. घरी गेल्याबिगर उघडू नको.”

चार वाजता अख्खी वस्ती फाटकावर होती. आई सगळ्यांत पुढे, फाटकाचे गज धरून, आणि मी तिला खेटून. डबा माझ्या पिशवीतच होता. आत दादा फाटकाला पाठ लावून उभे. त्यांच्या मागून बायका ओरडत होत्या आणि समोरून शिवराज. सरजाबाई नावाची म्हातारी रिकामी घागर गजांवर आपटत होती. तो आवाज माझ्या डोक्यात अजून आहे.

“फौजी, बाजूला सरा. फाटक निखळून राहिलंय.”

“सरलो तर आत येतील, मालक. पाइप सोडा, अर्धा घंटा.”

मागून कुणीतरी दगड मारला. कुणी ते आजतागायत कळलं नाही. तो शिवराजच्या कपाळाला लागला आणि रक्त डोळ्यात उतरलं. त्यानं कमरेचं रिव्हॉल्व्हर काढलं, दादांना बगल देऊन फाटकाकडे रोखलं. समोर आई होती. ती मागे होऊ शकत नव्हती, मागून दोनशे माणसं रेटत होती. शिवराजनं चाप ओढला.

टक्.

त्या आवाजासरशी दादा हलले. इतक्या वर्षांत मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. शिवराज पुन्हा चाप ओढत होता आणि पुढच्या घरात गोळी होती. दादांनी हात पकडला नाही, मनगट पकडलं नाही. डाव्या पंजानं चाकच मुठीत आवळलं. चाक फिरलं नाही तर घोडा उठत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, शिवराजला नव्हतं. तो ओढत राहिला, चाकाची कड दादांची कातडी सोलत राहिली.

“मालक, बघा एकदा,” दादा हळू आवाजात म्हणाले. “समोर कोण हाय ते बघा.”

शिवराजनं बाहीनं डोळा पुसला आणि बघितलं. गजांना धरलेली माझी आई. संक्रांतीला तिनं त्याला तिळगूळ दिला होता. त्याचं बोट चापावरून निघालं आणि तो तिथंच खाली बसला. दादांनी रक्ताळलेल्या हातानं चाक उघडून पाच गोळ्या खिशात टाकल्या, मग जाऊन पाइप सोडला.

घरी येऊन मी डबा उघडला. पिस्तुलाच्या आठही गोळ्या त्यात होत्या. आईनं त्या पाहिल्या, मग दादांकडे पाहिलं.

“पिस्तूल रिकामं केलंत. मग ते दुसरं का दिलंत?”

“तो बघत होता,” दादा म्हणाले. “त्यातलं काही काढता आलं न्हाई. एक घर रिकामं हाय, एवढंच सांगायचं टाळलं. सांगितलं असतं तर त्यानं भरलं असतं.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “पण दिलंच का म्हणून विचारशील तर जवाब न्हाई माझ्याकडं.”

अप्पा दुसऱ्याच दिवशी परतले. पिस्तूल कचेरीत जमा झालं, शिवराज येऊन आईच्या पाया पडला, पाइप रोज चारला सुटू लागला, पूर्वीच्या पाऊण घंट्याऐवजी वीस मिनिटं. अप्पांनी रिव्हॉल्व्हर पुढे केलं तेव्हा दादा दोन दिवसांची सुट्टी मागून घरी बसले, मग ते घेऊन कामावर गेले.

आईनं त्या पाच गोळ्यांची टिंगल पुन्हा केली नाही. दादा निघाले की ती दारात आडवी उभी राहायची. दुसऱ्या बायका नवऱ्याला डबा घेतला का विचारतात, ती विचारायची, “शेजारचं घर पाहिलं का?”

दादा चाक उघडून तिला दाखवायचे. ती स्वतः करंगळी घालून बघायची, आणि मगच दारातून बाजूला व्हायची.