लखूच्या हातचं तेल

ब्रॅनफील्ड कंपनीचा पन्नास वर्षांचा इतिहास गेल्या आठवड्यात टपालाने घरी आला. दोनशे बारा पानं, निळी कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं. आमच्यासारख्या जुन्या कारकुनांना एकेक प्रत भेट. चष्मा लावून वाचायला बसलो आणि तासाभरात माझं डोकं फिरलं.

तसं बघायला गेलं तर सगळं आहे त्यात. १९०४ साली विलायतेतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पंपांची इंजिनं करायला सुरुवात झाली, ते आहे. पहिल्या महायुद्धात सैन्याला लॉऱ्या पुरवल्या आणि युद्ध संपल्यावर त्याच जुन्या लॉऱ्या बाजारात येऊन नव्यांना गिऱ्हाईक उरेना, ते आहे. कंपनी बुडायला आली तेव्हा मालकाच्या मुलाने हट्टाने डिझेल इंजिन काढलं, तेही आहे. सत्त्याण्णव नंबरच्या पानावर आमचा मुलूख येतो. 'उत्तर कानडा, १९३४. सुप्याच्या जंगलातील चाचणीत उद्भवलेल्या एका किरकोळ अडचणीवरून आमच्या इंजिनिअरांना हवेच्या तोंडावर कुलपाचे झाकण बसवण्याची कल्पना सुचली.' शेजारी त्या झाकणाचा फोटो. झाकणाचा फोटो छापलाय!

त्या किरकोळ अडचणीचं नाव लखू. ते मला माहीत आहे, कारण तिथे मी होतो. आणि नुसता होतो असं नाही, ते पुढे येईलच.

लखू गुंदचा कुणबी. जंगल भाजून नाचणी पेरायची कुमरी सरकारने बंद केली तेव्हा त्याच्या बापाने सागाचे ओंडके ओढायला बैलगाडी घेतली. बापामागे ती लखूने चालवली. एका वर्षी अणशीच्या रानात वाघाने त्याचा एक बैल नेला आणि गाडी अंगणात उभी राहिली. त्याच सुमाराला आमच्या बेळगावच्या कचेरीने चाचणीसाठी पहिली डिझेल लॉरी जंगलात आणली होती. लखू आपण होऊन आला आणि म्हणाला, काम द्या.

काम होतं ठोकळ्याचं. चढणीवर भरलेल्या लॉरीच्या मागून ठोकळा घेऊन चालायचं आणि ड्रायव्हरने गिअर बदलायला गाडी जरा थांबवली की मागच्या चाकाखाली सारायचा. अर्धा क्षण उशीर झाला तर लॉरी अंगावर. लखूने ऐनाच्या लाकडाचा ठोकळा स्वतः तासला होता आणि तो कुणाला हात लावू देत नसे. बैलगाडीवाले त्याच्यावर दात खाऊन होते. त्यांचा म्होरक्या म्हादू, लखूचा शेजारी. "आमच्या पोटावर पाय द्यायला आलीया ती, आणि तू तिच्या मागनं पळतोस व्हय?" असं तो येताजाता ऐकवायचा. लखू ठोकळा उचलून पुढे जाई.

चाचणी साधी होती. गुंदच्या वरची चढण पाच टन साग घेऊन चढायची आणि एकही ओंडका न उतरवता दांडेलीचा डेपो गाठायचा. जमलं तर जंगलाचा ठेकेदार बारा लॉऱ्या घेणार होता. नाही जमलं तर बेळगावची कचेरी बंद, हे विलायतेहून आलेल्या साहेबाने आम्हाला पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. मी तिथला कारकून आणि साहेबाचा दुभाषा. वय चोवीस, इंग्रजी मॅट्रिक, लॉरीचं पुस्तक मराठीत उतरवून काढलेलं. त्यामुळे इंजिनातलं सगळं कळतं अशी माझी घमेंड.

चाचणीच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. कामावरच्या कुळवाड्यांनी कोयते, कुऱ्हाडी, पहारी धुऊन लॉरीसमोर मांडल्या. लॉरीला झेंडूची माळ घातली. लखूची बायको पुतळी घरच्या खोबऱ्याचं तेल बाटली भरून घेऊन आली होती आणि लखू एकेका अवजाराला ते चोळत होता. मग तो माझ्याकडे आला.

"मास्तर, कोयत्याला लावलं, पहारीला लावलं, गाडीच्या आसाला लावतो तसं चाकांना बी लावलं. पर ही राबती ती आतनं. हिला कुठनं पाजायचं?"

मला हसू आलं. मी बॉनेटची कड उचलली आणि हवा आत जाते तो वाटोळा डबा दाखवला. "हे तिचं नाक. इथून ती श्वास घेते. पाजायचंच असेल तर इथूनच पाज, सरळ पोटात जाईल."

कुळवाडी हसले. मीही हसलो. लखू हसला नाही, त्याने त्या डब्याला हात जोडले. मी तिथून निघून गेलो. थट्टा कळायला थट्टेची सवय लागते, आणि लखू देवाधर्माच्या कामात थट्टा करणारा माणूस नव्हता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉरी निघायच्या वेळी झेंडूच्या ढिगात ती बाटली आडवी पडलेली दिसली. रिकामी. "साहेब, एक सांगायचं होतं," मी म्हणालो. साहेब घड्याळ बघत होता. "नंतर," तो म्हणाला. मी लॉरीत चढलो. एवढ्याने काय होतंय, डब्यातल्या जाळीने शोषून घेतलं असेल, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे मी घाबरलो होतो.

पुढे बसलो तिघं. चाकावर पुंडलिक, खानापूरकडचा, शांत डोक्याचा ड्रायव्हर. मध्ये मी, कडेला साहेब. मागे ठोकळा घेऊन लखू. त्याच्याही मागे म्हादूच्या आठ बैलगाड्या. लॉरी अडकली तर ओंडके त्यांनीच न्यायचे होते, म्हणून ठेकेदाराने त्यांना मागे राहायला सांगितलं होतं. रस्ता एका गाडीपुरता. डाव्या हाताला दरड, उजव्या हाताला खोल रान.

पहिली दोन वळणं लॉरी चढली. तिसऱ्या वळणाला चढ अंगावर आला, पुंडलिकने जोर लावला आणि इंजिनाचा आवाज बदलला. त्याने पाय उचलला, तरी आवाज चढतच गेला. त्याने गिअर काढला, ब्रेकवर उभा राहिला, डिझेल बंद करायची दांडी ओढली. इंजिन थांबेना. निळापांढरा धूर दाटून आला, समोरची काच थरथरायला लागली आणि दरडीवरची माती गळायला लागली.

"उतरा!" साहेब ओरडला आणि उडी मारून पळाला. त्याच्या मागोमाग मी. वीस पावलांवर जाऊन आम्ही वळून बघितलं. पुंडलिक उतरला नव्हता.

"पुंडलिक, उतर!" कुणीतरी ओरडलं.

"उतरलो तर ही मागं जाईल," पुंडलिक आतून ओरडला. "मागं माणसं हायत. हातब्रेक धरत न्हाई."

मागे आठ गाड्या, सोळा बैल, वळायला जागा नाही. चाकाखाली लखूचा ठोकळा होता, पण इंजिनाच्या हादऱ्याने तो बोटबोट सरकत होता. आणि इंजिन फुटलं तर पहिला तुकडा पुंडलिकच्या पायात घुसणार होता. साहेब डोकं धरून म्हणत होता, "डिझेल तोडलंय, मग हे चालतंय कशावर?"

कशावर चालतंय ते मला कळलं होतं. पुतळीच्या तेलावर. डब्यात साचलेलं ते चढावर हवेबरोबर आत ओढलं गेलं होतं. आणि ते कसं थांबेल तेही मला माहीत होतं, मराठीत मीच उतरवलं होतं: हवा बंद केली की इंजिन मरतं. लाज वाटते सांगायला, पण मी जागचा हललो नाही.

लखूने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग तो वळून ओरडला, "म्हादू, ठोकळा धर!" आणि म्हादूने, आयुष्यात लॉरीचं बरं न चिंतणाऱ्या म्हादूने, धावत येऊन दोन्ही हातांनी ठोकळा चाकाखाली रेटून धरला. लखू पुढे पळाला. अंगावरचं कांबळं काढून त्याची गुंडाळी केली, बॉनेटची कड उचलली आणि त्या डब्याच्या तोंडात ती कोंबली. इंजिन ती आत ओढत होतं आणि तो वरून छातीने दाबत होता. डावा हात धुराच्या तापलेल्या नळीवर टेकला होता, तो त्याने काढला नाही. इंजिन दोनदा उचकलं आणि बंद पडलं.

पुंडलिक ब्रेकवर तसाच उभा होता, त्याला पाय उचलता येईना. गाडीवाल्यांनी चाकांखाली दगड लावले तेव्हा कुठे त्याला खाली घेतलं.

साहेबाने लखूच्या भाजलेल्या हाताला स्वतः पट्टी बांधली. मग मला म्हणाला, "याला विचार, हेच तोंड बंद करायचं हे याला कसं कळलं?"

मी विचारलं.

"म्यां पाजलं हुतं तिला, सायबा. काल, नवमीचं. तिथनंच."

साहेबाचा चेहरा बदलला. "विचार, असं करायला याला कुणी सांगितलं?"

आता हा प्रश्न लखूला मीच विचारायचा होता. मी विचारला. लखू माझ्याकडे बघत म्हणाला, "कुणी न्हाई. माझ्याच मनानं."

आणि मी इंग्रजीत तेवढंच सांगितलं. शब्दाला शब्द, चोख. उभ्या नोकरीत इतकं अचूक भाषांतर मी दुसरं केलं नाही.

लखू पूर्वीचा गाडीवाला आहे, हे साहेबाला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. घातपाताचा संशय म्हणून त्याला त्याच दिवशी काढलं. ते पत्र मीच टाइप केलं. इंजिन धुऊन, नवं तेल भरून लॉरी दोन दिवसांनी दांडेलीला पोचली, बारा लॉऱ्या खपल्या, कचेरी वाचली, मला बढती मिळाली. गाडीवाल्यांनी लखूला डोक्यावर घेतलं, लॉरी बुडवायला निघाला होता म्हणून. तो त्यांच्या पाया पडून सांगायचा, मी मुद्दाम केलं नाही. त्यांनी ते कधीच खरं मानलं नाही. गुंदच्या ह्या गोष्टी मला पुंडलिककडून कळत राहिल्या. गुंदला मात्र मी वीस वर्षं पाऊल टाकलं नाही.

ते सत्त्याण्णव नंबरचं पान वाचलं आणि राहवेना. काल खंडेनवमी होती. पुस्तक पिशवीत घातलं आणि गुंद गाठलं.

अंगणात लखू बसला होता. म्हातारा झालाय, पण ओळखलं त्याने. समोर पाटावर कोयता, पहार, खुरपं मांडलेलं, वर झेंडू. अवजारं मात्र कोरडी, कोयत्यावर तांबूस गंज. मी न राहवून विचारलं, यांना तेल नाही लावलं?

पुतळी दारातून म्हणाली, "त्या सालापासनं न्हाई लावत. म्हणत्यात, माझ्या हातचं त्याल वंगाळ हाय. पोरीच्या हळदीला बी लावलं न्हाई. पोर रडली, तरी न्हाई."

मी खाली बसलो आणि सांगून टाकलं. "लखू, मी थट्टा केली होती. तिथं तेल घालायचं नसतं, हे मला माहीत होतं. तू खरंच घालशील असं वाटलं नाही. सकाळी बाटली बघितली तरी बोललो नाही."

"थट्टा?"

"हो."

"मला वाटलं, तुमी बी भक्तीनंच सांगितलासा. आपलं दोघांचं चुकलं, तर एकाचीच नोकरी जाऊ दे म्हटलं." त्याने डाव्या हातावरच्या चट्ट्यावरून अंगठा फिरवला. "म्हंजे ह्या हातात खोट न्हवती?"

"नव्हती. कधीच नव्हती."

मला रडू आलं, त्याला नाही. मी माफी मागितली, ती त्याने ऐकली की नाही कळलं नाही. त्याने आत हाक मारली, "पुतळे, त्यालाची बाटली आण."

तिने आणली. त्याने तळहातावर तेल घेतलं आणि कोयत्याला चोळायला लागला, मुठीपासून टोकापर्यंत, सावकाश. मी पुस्तक पिशवीतून काढलंच नाही.

"आता जावा तुमी, मास्तर," तो मान वर न करता म्हणाला. मी उठलो. वळणावरून बघितलं तेव्हा पोर कडेवर घेऊन त्याची मुलगी अंगणात आली होती आणि तो तिच्या कपाळाला तेलाचं बोट लावत होता.