घुंगराच्या बाजूनं: बर्गंडीचे रिकामे रस्ते आणि आमचा आण्णा

आमच्या वैनीनं एकच अट घातली होती. "खुशाल जावा. पर जिथं गाड्या न्हाईत तिथं जावा. आन् वन्सं, माणूस परत आणा."

माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ, आण्णा. कोल्हापूरजवळ हुपरीला त्याचा घरातच चांदीच्या पैंजणांचा छोटा कारखाना आहे. त्याचा एकुलता एक पोरगा सन्मती दोन वर्षांपूर्वी उचगावजवळ हायवेच्या सर्व्हिस रोडवर गेला. सायकल चालवत होता, आपल्या बाजूनं, डोक्यावर हेल्मेट घालून. समोरून उलट्या दिशेनं पिकअप आली. पुलाखालून वळसा कोण घालणार म्हणून आपल्याकडं सगळेच येतात तशी. धडकली आणि थांबली नाही. 'थांबली नाही' हे दोन शब्द आमच्या घरात आजही कुणी तोंडातनं काढत नाही.

मला सायकलवर बसवलं सन्मतीनंच. "आत्या, गुडघं दुखत्यात म्हणून बसून ऱ्हायलीस तर आणि दुखतील." मग बापालाही ओढलं. रविवारी आम्ही तिघं पेठ वडगावपर्यंत जाऊन जैन मिसळ खाऊन यायचो. त्याच्या मोबाईलवर फ्रान्समधल्या एका रस्त्याचा फोटो असायचा. दोन्हीकडं शेतं, मधे अरुंद पांढरट डांबरी पट्टा, माणूस नाही की काणूस नाही. "बाबा, हितं जायाचं आपण." त्यावर आण्णा म्हणायचा, "एवढ्या सुनसान जागी पडलो तर उचलंल कोण रं?" आणि दोघं खदाखदा हसायचे.

पोरगा गेल्यावर आण्णा बोलायचाच बंद झाला. वाढलं तर जेवायचा, नाहीतर बसून राहायचा. डॉक्टरकडं चल म्हटलं की, "मला काय झालंय?" शेवटी वैनीच म्हणाली, त्यांना तिकडं घेऊन जावा. पोराची इच्छा तरी पुरी होईल. मी लगेच तयारीला लागले.

आता तुमच्या कामाचं सांगते. व्हिसाचे कागद खूप आधी जमवायला घ्या, शेवटच्या आठवड्यात रडायची वेळ आणू नका. घरची सायकल विमानातनं न्यायचा उद्योग तर अजिबात करू नका. पॅरिसहून रेल्वेनं दोनेक तासांत बर्गंडी भागातल्या दिजोंला पोचलो. तिथं भाड्यानं उत्तम सायकली मिळतात, मागं दोन पिशव्या लावून देतात, पंक्चरचं सामानही देतात. हेल्मेट मात्र स्वतःचं न्या. नकाशात जाड लाल-पिवळ्या रेघा दिसतील, तिकडं फिरकू नका. बारीक पांढऱ्या रेघा धरून चला. ते गावागावांना जोडणारे रस्ते असतात, आणि खड्डा म्हणाल तर शपथेला सापडणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तिथं वाहनं उजवीकडनं चालतात. शहरात याचा त्रास होत नाही, कारण समोर चार गाड्या असतात, त्यांच्यामागनं जायचं. घात रिकाम्या रस्त्यावर होतो. तासभर कुणी दिसत नाही, आपण गप्पांत असतो आणि सायकल आपोआप डावीकडं सरकते. जन्माची सवय ती. पहिल्याच दिवशी मी दोनदा सरकले. मग आण्णाच्या कारखान्यातली दोन घुंगरं पर्समध्ये होती, ती काढली. एक माझ्या, एक त्याच्या सायकलच्या उजव्या मुठीला बांधलं. "आण्णा, घुंगराच्या बाजूनं ऱ्हायाचं. ध्यानात ठेव."

"व्हय," आण्णा म्हणाला. दिवसभरातला त्याचा तो एकच शब्द.

पहिला दिवस कालव्याकाठचा. सपाट वाट, दोन्ही बाजूंनी झाडं, पाण्यात लांबट होड्या. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी, दम लागत नाही. आम्ही जैन, आमचं जेवण दिवस मावळायच्या आत असतं, आणि तिकडं जूनमध्ये दिवस रात्री साडेनऊपर्यंत मावळतच नाही! पूर्वीचा आण्णा असता तर त्यानं यावर हमखास काहीतरी विनोद केला असता. कांदा-बटाटा चालत नसल्यामुळं हॉटेलात आमची पंचाईत व्हायची. पाव, दही, चेरी आणि घरनं नेलेलं भडंग यावर दिवस निघाले. एक लक्षात ठेवा, दुपारी गावातली दुकानं बंद होतात आणि सोमवारी तर उघडतच नाहीत. खायचं सकाळीच पिशवीत भरा.

दुसऱ्या दिवशी कालवा सोडून द्राक्षांच्या मळ्यांतनं वर चढलो. दृश्य काय सांगू, सन्मतीच्या मोबाईलमधला फोटोच अंथरून ठेवलेला. तिथल्या गावांत प्यायचं पाणी कुठं मिळतं माहीत आहे? स्मशानात. खरंच. प्रत्येक गावाच्या कबरस्तानाला नळ असतो आणि सायकलवाले तिथंच बाटल्या भरतात. सन्मतीनंच हे कुठंतरी वाचून मला सांगितलं होतं. आण्णा फडकं लावून पाणी गाळत होता. मी वळून बघते तर बाटली तशीच ठेवून तो एका कबरीसमोर उभा. दगडावर विशीतल्या पोराचा फोटो होता, हसरा. आण्णा किती वेळ उभा राहिला कोण जाणे. मी दोनदा हाक मारली, मग आला.

तिथून पुढं मला दिसायला लागलं की तो डावीकडनं चालवतोय. मी मागनं ओरडले, "आण्णा, उजवीकडं!" तो सरकला. पुढच्या वळणाला परत डावीकडं. मुठीवर बघितलं तर घुंगरू नव्हतं.

"कुठाय रे घुंगरू?"

"पडलं कुठंतरी."

मला ते खरं वाटलं. दुसरं बांधायला नव्हतंही माझ्याकडं.

तिसऱ्या दिवशी पश्चिमेकडच्या टेकड्या लागल्या. पांढऱ्या धिप्पाड गाई, उंच कुंपणं आणि आंधळी वळणं. चढ अवघड आहेत, पण बॅटरीची सायकल घेतली तर पन्नाशीतलं माणूसही चढतं, मी चढले ना. एका उतारावर आण्णा माझ्या पुढं गेला. पुढं वळण होतं, पलीकडचं काही दिसत नव्हतं, आणि तो सरळ डाव्या कडेला गेला. मी घसा फाटेस्तोवर ओरडले. तेवढ्यात वळणातनं एक छोटी निळी मोटार आली.

ती हळू चालली होती म्हणून वाचलो. टायर कर्रकन ओरडलं. आण्णाच्या पुढच्या चाकापासनं हातभर अंतरावर मोटार थांबली. आण्णानं ब्रेकला हातसुद्धा लावला नव्हता. नुसता पाय टेकून उभा राहिला.

मोटारीतनं सत्तरीची एक बाई उतरली. अंगावर स्वयंपाकघरातला एप्रन, मागच्या सीटवर चेरीची खोकी सांडलेली. तिनं आण्णाचा चेहरा दोन्ही हातांनी धरला, खांदे चाचपले, गुडघे चाचपले. कुठं लागलं नाही म्हटल्यावर जी सुटली! असा मोठा आवाज मी फक्त कोल्हापूरच्या भाजी मंडईत ऐकलाय. एक शब्द कळत नव्हता, पण सगळं कळत होतं. आणि बोलता बोलता तिचे हात असे थरथरत होते की तिनं ते एप्रनमध्ये गुंडाळून घेतले. शेवटी तिनं स्वतः आण्णाची सायकल उचलून रस्त्याच्या उजव्या कडेला नेऊन उभी केली, ओंजळभर चेरी माझ्या हातात कोंबली आणि आम्ही हलेपर्यंत जागची हलली नाही.

थोडं पुढं गेल्यावर आण्णा गवतात बसला.

"सवय न्हवती ती, मंगल."

"काय?"

"कालपासनं वळण आलं की मुद्दाम डावीकडं घेत हुतो. येईल एखादी, म्हटलं. गाडीच येत न्हाय हितं." आणि तो हसला. दोन वर्षांनी हसला आणि ते तसलं हसला. "तुझ्या वैनीनं जागा लई बरोबर सांगितली बघ."

मी उठून त्याच्या पाठीत धपाटा घातला. थोरल्या भावाच्या, साठीला आलेल्या माणसाच्या. एक नाही, चार-पाच घातले. तोंडाला येईल ते बोलले, आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडले. एवढी भीती मला सन्मतीच्या वेळीही वाटली नव्हती, कारण फोन आला तेव्हा सगळं संपलेलंच होतं.

आण्णा म्हणाला, "तिचं हात बघितलंस?"

"बघितले."

"तिची कायबी चूक न्हवती गं. आन् मी तिला त्या पिकअपवाल्याच्या जागी बसवाय निघालतो. जलमभर बिचारी ते घेऊन फिरली असती." त्यानं खिशात हात घातला. घुंगरू काढलं. पडलं नव्हतं, त्यानंच सोडून ठेवलं होतं. "बांध," म्हणाला.

माझ्या केसांचं रबर काढून बांधलं. नंतरचे दिवस तो पुढं आणि मी मागं. वाट बघून घ्या, गावं बघून घ्या, असं काही मला तुम्हाला सांगता येणार नाही. मी फक्त घुंगराचा आवाज ऐकत होते. खूप सुंदर प्रदेश आहे म्हणतात.

हे लिहू का, असं मी आण्णाला विचारलं. तो म्हणाला, "लिव. कुणाच्या तरी घरात बसला असंल माझ्यासारखा." म्हणून लिहिलं. तुमच्या घरात असं कुणी गप्प बसलं असेल तर फ्रान्सला नेऊ नका, आधी डॉक्टरकडं न्या. आण्णा आता जातो, गोळ्या चालू आहेत. बरा झाला असं मी म्हणणार नाही. कधी चार शब्द बोलतो, कधी दिवस दिवस नाही. हुपरीत सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली आहे, तिला हात लावत नाही. सर्व्हिस रोडवर पिकअप अजून उलट्याच येतात.

परत आलो त्याच संध्याकाळी आण्णानं वैनीला सगळं स्वतः सांगितलं. मग ती स्वयंपाकघरात आली. भाकरी तव्यावर होती.

"गाडी हुती म्हणं तिथं एक."

"होती, वैनी."

"थांबली व्हय ती?"

"थांबली. उतरली बाई. आण्णाला चाचपून बघितलं. आम्ही जाईपर्यंत हलली नाही."

वैनीनं गॅस बंद केला. सन्मतीच्या वेळी ती रडली नव्हती, आल्यागेल्याला चहा करून देत होती. आता ती फरशीवर बसली आणि परातीला धरून रडायला लागली.

"थांबायला काय लागतंय, वन्सं?" ती म्हणत होती. "ब्रेकच मारायचा असतोय न्हवं."