माफ केलेला हिस्सा

अब्बा गेल्यानंतरचा चाळिसावा दिवस उरकला, पाहुणे गेले आणि मोठ्या भाईजाननी मला आतल्या खोलीत बोलावलं. मी लातूरला शाळेत शिकवते, परतायची घाई होती. त्यांना फक्त माझी एक सही हवी होती. अब्बांची नांदेडातली बेकरी आणि तिच्यावरचं घर, यातला माझा हिस्सा मी दोघा भावांना माफ केला, अशी. आमच्याकडे याला माफ करणंच म्हणतात. जसा काही भावांचा गुन्हा बहिणीने पोटात घालायचा असतो, आणि तोही गुन्हा होण्याआधीच.

माझं डोकंच फिरलं. हे तेच भाईजान, ज्यांनी माझ्या लग्नात बँड वाजू दिला नाही, कारण तो शरियतमध्ये बसत नाही. फोटोवाल्यालाही दारातूनच परत पाठवलं. माझ्या मुलीच्या ओढणीवरून अजूनही मला फोनवर तासभर ऐकवतात. आणि वाटणीची वेळ आली तेव्हा म्हणाले, "आपल्यात पोरी हिस्सा घेत न्हाईत. तशी पद्धतच न्हाई."

पद्धत म्हणे! शरियतमध्ये तर सगळं लख्ख सांगितलंय. मुलंबाळं असतील तर बायकोला आठवा हिस्सा, आणि मागे फक्त बायको-मुलंच असतील तर उरलेल्यात मुलाला दोन वाटे, मुलीला एक. आम्ही दोन भाऊ, एक बहीण. म्हणजे अम्मीचा आठवा काढला की उरलेल्याचे पाच वाटे, त्यातला एक माझा. भावाच्या निम्मा. या निम्म्यावरून मी स्वतःशी पुष्कळ भांडले आहे, पण इथे तर निम्म्याचाही पत्ता नव्हता. माझ्या शाळेतल्या एक बाई नायगावकडच्या, शेतकरी घरातल्या. त्यांच्या हिंदू कायद्यात मुलगी भावाच्या बरोबरीची आहे. त्यांनीही एका साडीवर समाधान मानून हक्कसोडपत्रावर सही केली. कायदे वेगवेगळे, भाऊ मात्र इथूनतिथून सारखेच.

मी नाही म्हटलं. धाकटा भाऊ इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. तो म्हणाला, लग्नात दिलं तोच तुझा हिस्सा. मी विचारलं, तुझ्या लग्नाच्या जेवणाचा, वलीम्याचा खर्च कुणी केला मग? तोही धरायचा का? हयातीत हौसेने दिलेलं हिश्श्यातून वजा होत नाही, हे काय मी त्याला सांगायचं? त्याने आवाज चढवला.

दाराशी अम्मी तसबीहची माळ ओढत बसली होती. ती हळूच म्हणाली, "दे सही, बेटा. मायका तुटंल." भावांपेक्षा मला तिचाच राग जास्त आला. अम्मी बिलोलीची. तिनेही आपला हिस्सा असाच मामांना माफ केला होता. मी विचारलं, मग तुझा मायका टिकला का? अब्बांच्या मातीला त्या घरातून कोण आलं? ती मणी ओढत राहिली. कुणीच आलं नव्हतं.

मी पुन्हा भाईजानकडे वळले आणि अम्मीच्या आठव्या हिश्श्याचं काय केलंत, असं विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या ते गावीही नव्हतं.

"अम्मीचं वेगळं काय?" भाईजान म्हणाले. "ती आमच्याकडंच तर राहणार हाय."

घरातल्या कपाटासारखं त्यांनी तिलाही आपल्या वाट्यात धरलं होतं. माझ्या तोंडून काय निघालं असतं कोण जाणे, पण अम्मीच्या बोटांतली तसबीह थांबली. ती भिंतीला धरून उठली आणि भाईजानच्या समोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज मुळीच चढला नव्हता.

"बापाचं सोडलं मी," ती म्हणाली. "नवऱ्याचं न्हाई सोडत. आधी माझा हिस्सा काढा, मग हिचा. कोण कुणाकडं राहतंय, ते मग बघू."