कमलताईंचा रतीब

कमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच डब्यात बेसनाचे लाडू भरत होते. दवाखान्यातून त्यांना घरी सोडणार होते ना, म्हणून. फोन यांचा, म्हणजे ताईंच्या भावाचा होता. ते नुसतंच "मंदा..." म्हणाले आणि पुढचं मला कळलं. तरी वेड्यासारखं मी उरलेले लाडू डब्यात ठेवले आणि झाकण घट्ट लावलं. ताई माझ्या नणंद. थेरगावात आमच्याच इमारतीत राहायच्या, त्या पहिल्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. यजमान गेल्यापासून एकट्याच होत्या, मूलबाळ नव्हतं. आमच्या जिन्यात माणसांपेक्षा वाट्या-डब्यांचीच ये-जा जास्त. माझी वाटी त्यांनी कधी रिकामी परत दिली नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर, पण काहीतरी असायचंच. मला आधी याचा रागच यायचा. आपण भेंडीची भाजी पाठवावी, तर तासाभरात वाटी परत आणि वर चार करंज्या. म्हणजे आता पुन्हा द्यायची पाळी माझी! या नणंदेशी बरोबरी करता करता माझी अर्धी हयात गेली.

आकुर्डीच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांना फोनवर वाचायचा नाद लागला आणि थोड्याच दिवसांत त्या वैतागल्या. ग्रुपवर सकाळी सुप्रभात, दुपारी गुणकारी पाला, संध्याकाळी देशाची काळजी. आणि ज्यांचं लिहिणं त्यांना मनापासून आवडायचं, ती माणसं त्या ढिगाऱ्यात कुठेतरी गडप. एकदा जिन्यात मला अडवून म्हणाल्या, "मंदा, मी मागेन तेवढंच दारात यावं, असं काही नसतं का गं?" आमचा निखिल चाकणला नोकरीला आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, असतं की, आत्या, त्याला फीड रीडर म्हणतात. आवडत्या ब्लॉगचा पत्ता त्यात एकदा घालायचा, तिथे नवीन काही आलं की ते आपोआप इथे येतं, बाकी काही येत नाही. ताई म्हणाल्या, म्हणजे दुधाचा रतीबच की!

मग ॲपची पाहणी सुरू झाली. भावासाठी मुलगी बघताना मी त्यांना पहिल्याच फटक्यात पसंत पडले होते, ॲपची मात्र चार स्थळं बघितली. पहिल्याने उघडल्या उघडल्या ईमेल, पासवर्ड, आवडीनिवडी विचारल्या. आधी पाणी तरी विचारावं माणसाने, असं म्हणत त्यांनी ते काढून टाकलं. दुसऱ्यात मराठी जोडाक्षरं फुटायची. तिसरं देखणं होतं, पण न मागितलेले लेख आणून वर ठेवायचं. डांगे चौकातल्या भाजीवाल्याने किडकं वांगं हळूच पिशवीत सरकवावं, तसं. चौथं साधं निघालं. पांढऱ्यावर काळं, अक्षर हवं तेवढं मोठं, जाहिरात नाही, लेख ओळीने. ते ठरलं. निखिलने रविवारी ते ताईंच्या टॅबलेटवर बसवून दिलं, सूचनांचे आवाज बंद केले. पत्ते मात्र ताईंनी एकेक करून स्वतः घातले. तळेगावचे एक निवृत्त मास्तर पक्ष्यांवर लिहायचे, कोकणातली एक मुलगी तिच्या परसबागेबद्दल लिहायची, आणखी असेच चार-पाच. एका आवडत्या बाईंच्या साइटला फीडच नव्हता, म्हणजे त्यांचा रतीब लावताच येईना, तर दिवसभर फुगून बसल्या होत्या.

काही दिवसांनी निखिलच्या लक्षात आलं की आत्या प्रत्येक लेख वाचून झाला की त्या ब्लॉगवर जाऊन खाली काहीतरी लिहिते. "वाचलं. वाल मीही लावलेत, मुंग्या फार येतात. – कमल, थेरगाव." असं. त्याने समजावलं, अगं, रीडरमध्ये कोण वाचतंय हे लिहिणाऱ्याला कळतसुद्धा नाही, तू निवांत वाच. ताईंनी चष्मा काढला.

"कळत नाही ना त्यांना? मग कळवायला नको? कोणी एवढं भरून पाठवायचं आणि आपण भांडं रिकामं परत द्यायचं?"

मी हसले होते. म्हटलं, आता साऱ्या गावाच्या वाट्या परत करत बसा! त्या खरंच बसल्या. दवाखान्यातसुद्धा टॅबलेट उशाशी असायचा. हात थकले तशा ओळी आखूड झाल्या... शेवटी शेवटी नुसतं "वाचलं" आणि नाव.

दिवसकार्य उरकलं, ताईंचं दूध आणि पेपर यांनी बंद केले. टॅबलेट साफ करून देतो, तू वापर, असं निखिल म्हणाला. मी म्हटलं, थांब, हा रतीब मी माझ्या हाताने बंद करते. दुपारी उघडून बसले. कुलूप असलेल्या दाराला दुधाच्या पिशव्या लटकत राहाव्यात, तसे न वाचलेले लेख साठले होते. पहिलीच ती कोकणातली मुलगी. तिला काढणार, तर तिच्या नव्या लेखाच्या शेवटी लिहिलेलं: थेरगावच्या कमलताई, बरेच दिवस तुमचं 'वाचलं' आलं नाही. बऱ्या आहात ना?

फोन आला त्या दिवशी मी रडले नव्हते. पाहुणे, स्वयंपाक, कुठे वेळ होता! त्या दुपारी मात्र पोटभर रडले. फार आठवण येते हो त्यांची. जिन्यात पाऊल वाजलं की अजून वाटतं, वाटी आली. त्यांचा डबा माझ्या ओट्यावरच आहे, तो आता कोणाला परत देऊ?

मग डोळे पुसले, तिचा लेख वरपासून खालपर्यंत वाचला आणि एका बोटाने लिहायला घेतलं. ताई गेल्या, असं लिहिलं. पण एवढंच कसं पाठवायचं... म्हणून पुढे लिहिलं की वालांना मुंग्या आल्या की ताई चुलीतली राख आणून टाकायच्या, गुण यायचा, करून बघ. आणि खाली लिहिलं:

वाचलं. – कमलताईंची भावजय, थेरगाव.