हात लावला की बाद

काल शाळेच्या मैदानावर कुणी रेघा आखायला चुन्याची फक्की मारत होतं, त्या वासानं माझं डोकं भणभणलं. काही वर्षांपूर्वी, सोलापूरच्या असल्याच रखरखत्या उन्हात, विशेष मुलांच्या शर्यतीत माझी लेक सगळ्यांच्या मागे, पण स्वतःच्या पायांनी येत होती. खेळाच्या बाईंनी वर्षभर घोटवून घेतलं होतं, पळताना कुणी हात लावला की बाद. तेवढ्यात प्रमुख पाहुण्या मांडवातून धावत आल्या. "दमलं गं लेकरू!" म्हणत त्यांनी तिला दंडाला धरून रेघेपार ओढलं आणि फोटोवाल्याकडे बघून हसल्या. "सोडा की तिला!" मी ओरडले, ते टाळ्यांत विरलं. त्यांनी घातलेलं पदक लेकीनं गळ्यातून काढून त्यांच्याच हातात ठेवलं. "मी बाद," ती म्हणाली. "किती गोड!" पाहुण्या म्हणाल्या. त्या 'गोड' शब्दाशी माझं आजही वाकडं आहे.