काट्यावर न आलेला मासा

भिमाबाईला चौकशीची भारी खोड. दुसरबीडजवळच्या तलावावर मच्छीमार सोसायटीचा मासा तीच तोलायची, आणि तोलता तोलता माशाच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची, असं लोक म्हणत.

यंदा जाळी हलकी निघाली. बोटाएवढी पिल्लं नेहमीइतकीच सोडली होती, मग चार क्विंटल मासा गेला कुठे? अध्यक्ष इंद्रभाननं बोट ठेवलं प्रेमानंदवर. हा भिमाबाईचा धाकटा दीर. तो म्हणे परस्पर बाजारात विकतो. उन्हाळा सरता होणाऱ्या सभेत त्याचं नाव सोसायटीतून काढायचं ठरलं. नाव गेलं की जाळं गेलं, आणि जाळ्याशिवाय प्रेमानंदला दुसरं काही येत नव्हतं.

दिराशी तिचं फारसं पटत नसे. पण एवढा मासा गेला कुठे, हे कोडं तिला स्वस्थ बसू देईना.

रविवारी काठावर पार देऊळगाव राजापासूनची हौशी मंडळी गळ टाकून बसत. त्यांचा मासा कोणीच मोजत नसे. जाळ्यात येतो तो मासा, गळाला लागतो तो विरंगुळा, अशी जाळेवाल्यांची जुनी समजूत. भिमाबाई ताणकाटा घेऊन काठाकाठानं निघाली.

"कोणाचा मोठा हो भाऊ? या, तोलून देतो!" ती हाक मारी.

चोर मासा लपवतो, गळवाला मिरवतो. माणसं पिशव्या उघडून रांगेत उभी राहिली, माशासोबत फोटो काढू लागली. तिनं एकेकाचं नाव आणि वजन वहीत उतरवलं. असे दहा रविवार गेले.

सभेत ती उभी राहिली. "गळाचा मासा, दहाच रविवारांत, तीन क्विंटल ऐंशी किलो."

"कोणाचा एवढा?" इंद्रभान उसळला. "नावं वाच!"

तिनं वाचली. उकंडराव, राजकुमार, आणखी बरीच. मग म्हणाली, "इंद्रभानभाऊ, बेचाळीस किलो."

"तो हौसेचा होता!"

"हाव. तुम्हीच म्हटलं, माहा रोहू सगळ्याईत मोठा, लिहून ठेव."

सभा खो खो हसली. इंद्रभानचे कान लाल झाले, पण माणूस वाईट नव्हता. प्रेमानंदचं नाव राहिलं, आणि गळाचा मासाही आधी काट्यावर आणायचा, असा ठराव त्यानंच मांडला.

बाहेर येताच प्रेमानंदनं तिला गाठलं. "वहिनी, एवढ्याईत तुम्हालेच माह्यावर भरोसा होता."

"नव्हता न रे," भिमाबाई म्हणाली. "म्हणून तं मोजलं."