पहिल्या जागेवरचा स्टार

आमच्या वहिनीच्या पायाला भिंगरी आहे. बसून करायचं काम म्हणून तिने कॉम्प्युटरची नोकरी धरली आणि आता ती प्रोग्रामसुद्धा उभ्याने लिहिते. लॅपटॉप कपाटाच्या फळीवर ठेवते, दोन ओळी लिहिते, खिडकीपर्यंत जाऊन येते, पुन्हा दोन ओळी. त्याच खोलीत मी लोकांचे ब्लाउज शिवते, त्यामुळे तिच्या फेऱ्या दिवसभर माझ्यासमोरूनच चालतात. "वहिनी, जमिनीला भोक पडेल," मी म्हणते. "पडू दे, खालच्यांकडे काय चाललंय ते तरी दिसेल," ती म्हणते.

दुसरी खोड म्हणजे मुद्दा शेवटी सांगायचा. बाहेरून तिचा फोन आला की आधी रस्ता कुठे खणलाय ते, मग साहेबांचा नवा चष्मा, मग कुठल्याशा मैत्रिणीची बदली, आणि फोन ठेवता ठेवता, "अगं, दूध गॅसवर राहिलंय बघ." दादा तर म्हणतो, हिचा फोन वाजला की आधी स्वयंपाकघरात जाऊन उभं राहायचं, मग उचलायचा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते याच खोडीतून झालं.

ज्यांना घरी ऑक्सिजन लागतो अशा लोकांना वहिनीची कंपनी मशीन भाड्याने देते. मशीन बिघडलं की घरच्यांनी कंपनीला मेसेज करायचा. पेशंटचा श्वास अडतोय, थांबायला वेळ नाही, असं असेल तर मेसेजमध्ये कुठेही एक स्टार, म्हणजे फोनच्या कीबोर्डवरची चांदणी, टाकायचा. वहिनीचा प्रोग्राम प्रत्येक मेसेज अक्षर न अक्षर चाळतो. स्टार सापडला की मेकॅनिकच्या फोनवर लगेच घंटी वाजते. नाही सापडला तर मेसेज रांगेत जातो आणि नंबर लागला की माणूस जातो. हे सगळं तिने एकटीने बांधलं होतं. आठवड्यापूर्वीच ते सुरू झालं, तेव्हा तिने घरात सगळ्यांना तीन-तीनदा समजावून सांगितलं, अगदी दूधवाल्यालाही.

मग एका दुपारी मेकॅनिकचा फोन आला. वहिनीने स्पीकर लावला, कारण फोन कानाला लावून तिला नीट चालता येत नाही.

"मॅडम, आज एका आजोबांनी मला दारातच झापलं. म्हणे काल स्टार टाकून मेसेज केला आणि तुम्ही आज उगवताय. मला तर घंटी वाजलीच नाही."

"आजोबा बरे आहेत?" तिने घाबरून विचारलं.

"झापण्याइतके बरे आहेत."

"मग स्टार टाकायचा राहिला असेल त्यांचा."

"मला फोन दाखवला त्यांनी, मॅडम. आहे स्टार."

वहिनीने ताबडतोब घंटी लॅपटॉपवरही वाजेल असं केलं आणि स्वतःच मेसेज पाठवून पाहिले. "मशीनमधून आवाज येतोय, काल साफ केलं होतं, तरी तसंच, लवकर या" आणि शेवटी स्टार. घंटी वाजली. दुसरा पाठवला, वाजली. तिसरा, वाजली. तरी तिचं समाधान होईना. खिडकी, कपाट, खिडकी. शेवटी तिने माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि फोन दिला. "तू लिही. काहीही लिही."

मला भीती, की बोलण्याच्या नादात स्टार विसरेन. म्हणून मी आधी स्टार टाकून मोकळी झाले आणि मग लिहिलं, "मशीन बंद आहे, या." पाठवला. घंटी वाजली नाही. मी म्हटलं, माझंच काही चुकलं. पण वहिनी चालायची थांबली होती.

मग तिने मला सांगितलं. मला सांगत होती की स्वतःला, कुणास ठाऊक. कॉम्प्युटर जागा एकापासून मोजत नाही, शून्यापासून मोजतो. पहिलं अक्षर शून्याव्या जागेवर, दुसरं एकाव्या. स्टार शोधायला सांगितलं की तो जागेचा आकडा सांगतो, आणि कुठेच नसेल तर उणे एक सांगतो. वहिनीने लिहिलं होतं, आकडा शून्यापेक्षा मोठा आला तर घंटी वाजव. मेसेजच्या मध्ये, शेवटी, कुठेही स्टार असला तरी घंटी वाजणार. फक्त अगदी पहिल्या जागेवर असला तर नाही. आणि तिने तपासायला जेवढे मेसेज लिहिले होते, ते सगळे तिच्यासारखे होते. आधी पाल्हाळ, स्टार शेवटी.

"पण गं," ती म्हणाली, "ज्याचा खरंच जीव जातोय तो आधी काय टाकेल?"

मी फोन तिच्यासमोर धरला. उत्तर माझ्या हातातल्या फोनवरच होतं.

चूक दुरुस्त करायला तिला एक चिन्ह पुरलं. मग तिने जुने मेसेज पुन्हा चाळले. सुरुवातीलाच स्टार असलेले बरेच निघाले. एकेकाला फोन लावत ती खोलीभर फिरत होती. कुणी चिडलं, कुणी म्हणालं, उशिरा का होईना पण आले तुमचे लोक. प्रत्येक "हॅलो" ऐकला की तिचे खांदे जरा खाली यायचे. शेवटी एकच मेसेज उरला. त्याच सकाळचा, अजून रांगेत पडलेला. "*हिला हवा पुरत नाही. मशीन शिट्टी मारतंय." तो नंबर नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं.

मेकॅनिक शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. पत्ता आमच्यापासून जवळ. तिने मेकॅनिकला तिकडेच यायला सांगितलं, ॲम्ब्युलन्सलाही कळवलं, आणि मी स्कूटर काढली. रस्ताभर ती मागून माझा खांदा दाबत होती, जणू खांद्यात ॲक्सिलरेटर आहे. मला तिचा राग आला होता. इतकी हुशार बाई, आणि पहिली जागाच कशी विसरते? पण दुसऱ्या हाताने ती तोच नंबर पुन्हा पुन्हा लावत होती, म्हणून मी तो राग गिळला.

लिफ्ट बंद होती. ती दोन-दोन पायऱ्या चढत गेली. बेल वाजवली, कुणी आलं नाही. मग तिने दोन्ही हातांनी दार बडवलं. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं. तेवढ्यात दार उघडलं. दारात एक म्हातारे गृहस्थ, हातात चिकटपट्टीचं बंडल.

"केवढ्याने वाजवता! शिट्टीत काही ऐकू येत नाही इथे."

आत खुर्चीवर त्यांची बायको बसली होती. नाकाला नळी, आणि नळीला इतकी चिकटपट्टी गुंडाळलेली, की नळी कुठे ते शोधावं लागत होतं. मशीन खरंच शिट्टी मारत होतं. पण बाई श्वास घेत होती. तोकडा होता, ओठ निळसर होते, पण घेत होती.

"कंपनीकडून?" तिने विचारलं. दोन शब्दांमध्ये ती थांबत होती. "मी यांना... म्हटलं होतं... आधी स्टार टाका. दिसला नाही?"

वहिनीला काहीही सांगता आलं असतं. नेटवर्क नव्हतं म्हणाली असती तरी त्या बिचाऱ्यांनी मान डोलावली असती.

"दिसला होता," ती म्हणाली. "अगदी पहिल्या जागेवर होता. मीच तो धरला नाही. चूक माझी आहे."

आयुष्यात पहिल्यांदा तिने मुद्दा आधी सांगितला होता. आणि मग आमची वहिनी, जी जेवतानाही अर्धी उभीच असते, ती तिथेच फरशीवर बसली. त्या बाईच्या पायाशी, मशीनला टेकून, तोंड झाकून रडायला लागली. मीही तिच्या शेजारी बसले, दुसरं काय करणार.

थोड्या वेळाने मेकॅनिक धापा टाकत आत आला, पाठोपाठ ॲम्ब्युलन्सवाले. त्यांनी दारातूनच विचारलं, पेशंट कोण?

म्हातारीने हात जरासा उचलला आणि खाली बसलेल्या वहिनीकडे दाखवलं.

"माझं... चाललंय," ती म्हणाली. "आधी... हिला पाणी द्या."